प्रकाश दिसला म्हणजे गुठळी दिसली का?

अल्झायमर रोगावरच्या लेखांबरोबर बहुधा एक चित्र असते: काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे चमकणारे ठिपके आणि खाली ओळ, 'प्रथिनांच्या गुठळ्या'. वाचकाला वाटते, गुठळ्याच चमकत आहेत. पुष्कळदा चमकत असतो तो त्यांना जोडलेला रंगरेणू. हा फरक न सांगण्याला माझा आक्षेप आहे.

एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या, सहसा अधिक तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे प्रतिदीप्ती. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे बीटा-अमिलॉइड हे 40 ते 42 अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड आहे. त्याची स्वतःची प्रतिदीप्ती अगदी क्षीण असते. म्हणून त्याला फ्लुओरेसीनसारखा रंगरेणू जोडतात. त्यामुळे अत्यल्प पेप्टाइडचाही माग काढता येतो, जिवंत पेशीत ते कुठे जाते हेही पाहता येते. ही पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

पण या पेप्टाइडचा रेणुभार सुमारे 4,500, तर फ्लुओरेसीनचा सुमारे 332. एवढे ओझे घेऊनही पेप्टाइड पूर्वीसारख्याच गुठळ्या करील, हे गृहीत कसे धरायचे? ते तपासावेच लागते.

दुसरी अडचण अर्थ लावण्याची आहे. थायोफ्लेविन-टी हा रंग पेप्टाइडला जोडावा लागत नाही. अमिलॉइडच्या तंतूंना चिकटला की तो आपणहून तेजाळतो. इथे प्रकाश वाढणे म्हणजे गुठळी. उलट फ्लुओरेसीनचे रेणू फार जवळ आले की परस्परांचा प्रकाश मंदावतात. इथे प्रकाश कमी होणे हीच गुठळीची खूण ठरू शकते. 2002 साली मायकेल हेक्ट यांच्या गटाने बीटा-अमिलॉइडला हिरवे प्रतिदीप्त प्रथिन जोडून ते जीवाणूंमध्ये तयार करवले. पेप्टाइडच्या गुठळ्या झाल्या की हिरव्या प्रथिनाची घडी नीट बसेना आणि जीवाणू अंधारेच राहिले. ज्या बदललेल्या पेप्टाइडांच्या गुठळ्या होत नव्हत्या, ते जीवाणू चमकले!

हळदीचे उदाहरण तर आपल्या घरातले. हळदीतील कुरकुमिनमुळे अमिलॉइड तयार होणे थांबते का, हे थायोफ्लेविन-टी वापरून अनेकदा तपासले गेले. परंतु कुरकुमिन स्वतः निळा प्रकाश शोषते आणि प्रतिदीप्तही असते. असे पदार्थ या चाचणीची दिशाभूल करू शकतात, हे जॉन कार्व्हर व सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवले. गुठळ्या तशाच असूनही प्रकाश कमी भरतो आणि औषध सापडल्याचा भास होतो. एरवी कुरकुमिन गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर केवळ या चाचणीतून मिळत नाही.

चांगला प्रयोग म्हणून एकाच साक्षीदारावर विसंबत नाही. रंग न जोडलेल्या पेप्टाइडशी तुलना, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे दर्शन, अपकेंद्री यंत्रात गुठळ्या खाली बसवून वर द्रावणात किती पेप्टाइड उरले याचे मोजमाप, अशा पडताळण्या त्यात असतात.

असे चित्र वर्गात दाखवताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. प्रकाश नेमका कोणाचा? तो वाढणे किंवा घटणे याचा या प्रयोगात अर्थ काय? आणि प्रकाशाचा आधार न घेता हेच कोणी तपासले आहे का? रोगाबद्दलच्या बातम्या वाचतानाही हेच प्रश्न त्यांना उपयोगी पडतील.