करवीर नगराचा आयव्यय व त्याचें दप्तर

जुन्या कागदांचा ज्यांस नाद आहे त्यांस हें सांगणें नको कीं, बखरीपेक्षां जमाखर्चाचा बंद अधिक खरें बोलतो. बखरकार आपल्या धन्याची कीर्ति वाढवितो. कारकून मात्र तेलाचा, वातीचा व पागेंतील चंदीचा हिशेब लिहून ठेवतो, आणि त्याच्या नकळत त्या काळचा कारभार आपल्यापुढें उभा राहतो. असे बंद सोडविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा वाचकांपुढें आज एक निराळा कागद परीक्षणास ठेवावा असें आम्हांस वाटतें. तो कागद म्हणजे कोल्हापूर महानगरपालिकेचें वार्षिक अंदाजपत्रक. तो जुना नाहीं म्हणून त्याज्य ठरत नाहीं. आजचे कागद हींच उद्यांचीं साधनें. आमचा प्रश्न एवढाच कीं, दोनशें वर्षांनीं कोणी संशोधक शिवाजी पेठेंतील एका घराचा विचार करूं लागला, तर त्या घरानें नगरास काय दिलें व नगराकडून त्यास काय मिळालें, हें त्यास या कागदावरून सांगतां येईल काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचीं कारणें पुढें क्रमानें देतों.

प्रथम संस्थेचा इतिहास थोडक्यांत पाहूं. कोल्हापूरची नगरपालिका १२ ऑक्टोबर १८५४ रोजीं स्थापन झाली. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें; १५ डिसेंबर १९७२ पासून नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९०१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ५४,३७३ होती. २०११ च्या जनगणनेंत ती साडेपांच लाखांच्या आसपास भरली. म्हणजे एकशें दहा वर्षांत माणसें दसपट झालीं. नांवानें महानगर असली तरी ही संस्था अद्याप पेठांच्या जुन्या गांवाचीच पंचाईत आहे, आणि तिचें बरेंवाईट पेठेंतच कळतें.

आतां परीक्षणास माप कोणतें घ्यावें? परकीय माप शोधण्याचें कारण नाहीं. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ मध्यें शामशास्त्र्यांनीं मैसुराहून प्रसिद्ध केल्यापासून तें सर्वांच्या हातीं आहे. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत समाहर्त्यानें सहा गोष्टी वेगळाल्या पाहाव्या असें सांगितलें आहे: करणीय, सिद्ध, शेष, आय, व्यय आणि नीवी. जें वसूल व्हावयाचें तें करणीय, जें हातीं आलें तें सिद्ध, जें राहिलें तें शेष. आणि आयांतून व्यय वजा जातां उरते ती नीवी. आपल्या मराठी दप्तरांतही हाच भेद निराळ्या शब्दांनीं पाळला आहे. अजमास वेगळा व ताळेबंद वेगळा. अजमास हें कारभाऱ्याचें अनुमान. ताळेबंद ही त्याची परीक्षा. दोन्ही हातीं असल्याशिवाय कोणत्याही महालाची स्थिति आपण सांगूं शकत नाहीं.

या मापानें जमेची बाजू पाहूं. आपल्याकडील नगरसंस्थांत चालू सालची मागणी आणि मागील थकबाकी यांची बेरीज करून ती अपेक्षित उत्पन्न म्हणून दाखविण्याची रीत रूढ आहे. पुढें साल अखेर होतांना सुधारित अंदाज येतो, त्यांत आंकडा खालीं उतरतो. आणि प्रत्यक्ष वसूल किती झाला हें त्याच्याही पुढील सालच्या पुस्तकांत, एका अरुंद रकान्यांत दिसतें. करणीय मोठ्या अक्षरांत, सिद्ध बारीक अक्षरांत, आणि शेषाचा कोठें उल्लेख नाहीं, असा हा प्रकार होय. न आलेलें आलें असें लिहिणें यास कौटिल्यानें अवस्तार म्हटलें असून कोशक्षयाच्या आठ कारणांत त्याची गणना केली आहे. आम्ही कोणावर अपहाराचा आरोप करीत नाहीं. तें वेगळें कारण आहे आणि कौटिल्यानेंही तें वेगळेंच ठेविलें आहे. परंतु खोट्या आशेवर मंजूर केलेलें गटाराचें काम पावसाळ्यापूर्वीं अर्धवट राहतें, तेव्हां पेठेंतील मनुष्यास त्या दोहोंतील भेद कळत नाहीं.

जमेंत दुसरा एक पालट झाला आहे, त्याकडे इतिहासकारानें अवश्य लक्ष द्यावें. ज्या गांवाची भरभराट गुळाच्या व्यापारावर झाली त्याच्या नगरपालिकेस जकात हा मोठा आधार होता. १ एप्रिल २०११ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू होऊन नगरास राज्याकडून भरपाईचें अनुदान मिळूं लागलें. नाक्यांचीं नांवें तेवढीं लोकांच्या तोंडीं राहिलीं. जकात जाचक होती, नाक्यावर खोळंबा व लांच दोन्ही होतीं, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु ती नगराची स्वतःची जमा होती. आज जमेचा मोठा भाग वरून येणाऱ्या हप्त्यावर अवलंबून आहे. ज्यानें कर द्यावा त्यालाच हिशेब विचारण्याची हौस असते. अनुदानाचा हिशेब विचारणारा शेजारी मिळत नाहीं.

खर्चाच्या बाजूस पहिलें कलम आस्थापनेचें. जुन्या दप्तरांत तैनात जाबता असे. किती कारकून, किती शिपाई, कोणास काय मोईन, हें त्यावरून कळे. आजही कायद्यानें पदांची यादी मंजूर करून घ्यावी लागते. तिला आकृतिबंध म्हणतात. शिवाय एकंदर खर्चांत आस्थापनेचा खर्च ३५ टक्क्यांच्या आंत राखावा असा शासनाचा दंडक आहे. दंडकाचा हेतु चांगला आहे, पण त्याचें फळ विपरीत झालें आहे. नगराचें स्वतःचें उत्पन्न वाढत नाहीं, म्हणून टक्केवारी मर्यादेबाहेर जाते. मर्यादा ओलांडली म्हणून भरती होत नाहीं. भरती नाहीं म्हणून पदें रिकामीं राहतात. केर मात्र रोज पडतोच. मग तें काम ठेक्यानें देतात, आणि झाडणाऱ्याची मजुरी आस्थापनेच्या खात्यांतून उठून सेवा व देखभालीच्या खात्यांत जाऊन बसते. पुस्तकांत आस्थापना आंखूड दिसते, परंतु खर्च तेवढाच राहतो, किंबहुना मधल्या मनुष्याचा नफा त्यांत वाढतो.

यांत आमच्या दृष्टीनें आणखी एक हानि आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं संस्थानांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांस देण्याची आज्ञा काढली. त्या आज्ञेचा परिणाम काय झाला हें आज आपण शोधूं शकतों, कारण नोकरांच्या याद्या लिहिल्या जात होत्या. ठेक्याच्या बिलांत मनुष्याचें नांव राहत नाहीं. इतके मजूर, इतके दिवस, एवढीच नोंद राहते. कोणी म्हणेल कीं जुन्या जाबत्यांत तरी झाडूवाल्याचें नांव क्वचितच सांपडतें. तें खरें आहे, आणि तो जुन्या दप्तराचा दोष आम्हीही मानतों. पण शतकभराच्या खटपटीनें जें नांव एकदां हजेरीपटावर चढलें तें पुनः पुसलें जावें, यास सुधारणा म्हणवत नाहीं.

आतां सेवांकडे वळूं. शिवाजी पेठ महालक्ष्मीच्या देवळापासून रंकाळ्याच्या कांठापर्यंत पसरली आहे. रंकाळा हा पेठेचा आरसा आहे. संध्यामठ पाण्यांत बुडाला कीं वर आला यावरून वृद्ध मंडळी पावसाचें मान सांगतात. या तलावांत सांडपाणी येतें ही तक्रार अनेक वर्षांची आहे, आणि त्यावर वेळोवेळीं पैसाही खर्च झाला आहे. परंतु तो किती झाला हें अंदाजपत्रकावरून काढावयाचें म्हटल्यास तो मलनिःसारणांत, उद्यानांत, विशेष प्रकल्पांत आणि अनुदानाच्या योजनांत विखुरलेला. खातें आहे, पण ठिकाण नाहीं. कौटिल्याचा गोप दहा, वीस किंवा चाळीस कुळांची माहिती ठेवी, आणि त्यांत त्या कुळांचा आयव्ययही येई. आम्हांस त्याची हेरगिरी नको. पण पेठवार हिशेब ठेवण्याची त्याची रीत नगरानें घ्यावी, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

हिशेब लोकांस कळेल असा नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण दूर नाहीं. शहरांतील सुमारें ५० किलोमीटर रस्ते २२० कोटी रुपयांच्या योजनेंत खाजगी कंपनीकडून करून घेऊन त्याबद्दल ३० वर्षें टोल द्यावा असा करार झाला. त्यावर जी चर्चा आधीं सभागृहांत, कागद पुढें ठेवून, व्हावयास हवी होती ती नाक्यांवर झाली. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध पुढाऱ्यासह पेठांतील लोक रस्त्यावर उतरले. केलेल्या कामाचें खरें मोल किती, हाच वादाचा एक मुख्य मुद्दा होता. २०१३ मध्यें वसुली सुरू झाली आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. लोक जिंकले, हें चांगलें झालें. पण जें पावकी-निमकी जाणणाऱ्या मनुष्यास आरंभींच कळावयास पाहिजे होतें, तें कळण्यास एवढा झगडा करावा लागला. काळम्मावाडीच्या पाण्याचेंही तसेंच. थेट नळ घालण्याची मागणी जुनी. पाणी शहरांत आलें तें २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळांत विलंब कोणाकडून व किती खर्चाचा झाला, हें एका पानावर मांडलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. कायद्याप्रमाणें अंदाजपत्रक आयुक्तानें मांडावें, स्थायी समितीनें तपासावें व सर्वसाधारण सभेनें मंजूर करावें. नोव्हेंबर २०२० मध्यें सभागृहाची मुदत संपली, आणि पुढील निवडणुकीचें मतदान १५ जानेवारी २०२६ रोजीं झालें. मधलीं पांच वर्षें प्रशासक होते. म्हणजे मांडणारा, तपासणारा व मंजूर करणारा हात एकच झाला. त्या काळांत कामें झालीं नाहींत असें नव्हे. कित्येक अधिकाऱ्यांनीं नेटानें कामें केलीं असतील. परंतु पांच अंदाजपत्रकांवर एकही वाद लिहिला गेला नाहीं. ठराव आहेत, विरोध नाहीं. निर्णय आहेत, त्यांचीं कारणें विचारणारा नाहीं. कोणत्याही राजवटीचा इतिहास लिहितांना एका पक्षाचे कागद हातीं लागले म्हणजे आपण हळहळतों. येथें दुसऱ्या पक्षाचे कागद निर्माणच झाले नाहींत.

आणि जे निर्माण झाले त्यांची अवस्था काय? एका कचेरींत, तिचें नांव येथें देत नाहीं, आम्ही जुनीं सभावृत्तें पाहण्यास गेलों असतां जिन्याखालीं ओलीनें फुगलेले गठ्ठे दाखविण्यांत आले. कारकून भला मनुष्य होता. तो म्हणाला, "गुरुजी, हे कालबाह्य आहेत, निर्लेखनाची मंजुरी आली कीं जातील." त्याच आठवड्यांत पेठेंतील एका गृहस्थांच्या घरीं घरपट्टीच्या जुन्या पावत्या तारेस ओंवून खुंटीस टांगलेल्या पाहिल्या. तीन पिढ्यांच्या त्या पावत्यांस कसर लागली नव्हती. नगरानें घेतल्याचा पुरावा प्रजेनें जपला, आणि नगरानें दिल्याचा पुरावा जिन्याखालीं कुजत होता. जमाखर्चाच्या या दोन बाजू अशा वेगळ्या पडल्या म्हणजे ताळा कोण घालणार?

आमच्या सूचना थोड्या व बिनखर्चाच्या आहेत. अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर करणीय, सिद्ध व शेष असे तीन रकाने असावे. ठेक्यावरील मजुरांची संख्या व मजुरी आस्थापनेच्या शेजारीं छापावी. प्रत्येक प्रभागास मिळालेल्या कामांची एक यादी अखेरीस जोडावी. पन्नास वर्षांपूर्वींचीं सभावृत्तें व हिशेबवह्या निर्लेखनांत न काढतां कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराच्या स्वाधीन कराव्या. नव्या सभागृहास एवढें एका ठरावानें करतां येईल.

आणि वाचकांस एक विनंति. आपणांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं पेशवाईंतील बंद आहेत. त्यांच्या शेजारीं आपल्या घरच्या घरपट्टीच्या पावत्याही ठेवाव्या. मोडी येत नाहीं म्हणून जुने कागद रद्दींत गेले, याचें दुःख आपण भोगतोंच आहोंत. आजचे कागद तर आपल्याला वाचतां येतात.