ओवीला ब्लूज म्हणण्याआधी



‘जात्यावरची ओवी म्हणजे आपला ब्लूज’ हे वाक्य अलीकडे वारंवार कानावर येतं. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, ओवीला मान मिळावा असं त्यांना वाटतं. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. ‘अमुक म्हणजे तमुक’ असं कुणी म्हटलं की त्या ‘म्हणजे’पाशी थबकायची खोड अजून गेलेली नाही. शिवाय आज आपण पौडला बसलो आहोत. मुळशीत बसून हे वाक्य तपासायचं नाही, तर कुठे?

आमची पात्रता एवढीच, की दोन्ही ऐकलंय. ब्लूज आम्हांला उलट्या वाटेने मिळाला. सत्तरच्या दशकात आमच्या पिढीने आधी रॉक ऐकलं : क्रीम, रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन. मग रेकॉर्डवरची बारीक अक्षरं वाचताना रॉबर्ट जॉन्सन, विली डिक्सन ही नावं दिसू लागली. नातवामुळे आजोबांची ओळख व्हावी, तसं झालं.

साम्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. ब्लूजमध्ये पहिली ओळ पुष्कळदा दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. जात्यावर बाई ओळ तोडते, अर्धी पुन्हा घेते, मध्ये ‘गं बाई’ घालते, तोवर पुढची ओळ ओठांवर येते. दोन्हीकडे पुनरुक्ती ही सजावट नाही, पुढचं सुचायला केलेली जागा आहे. ‘एकसुरी’ म्हणून दोन्हींना नाकं मुरडणाऱ्या जाणकारांच्या हे ध्यानात येत नाही. ब्लूजमधला गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, म्हणून तो बेसूर ठरवणारेही आम्ही पाहिलेत.

आता एक साल धरू या, १९२७. त्या वर्षी मिसिसिपी नदीचे बांध फुटले आणि लाखो माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिलला काळ्या मजुरांना बांधावरच्या छावण्यांत डांबून पहाऱ्यात राबवलं गेलं. त्याच १९२७ साली घाटाखाली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, सुरू झालेला आणि सेनापती बापटांनी पुढे नेलेला मुळशी सत्याग्रह तोवर मोडून पडला होता. मुळेचं पाणी पूर्वेला भीमेकडे जायचं, ते कोकणात वळवलं गेलं. तिकडे बांध फुटला म्हणून घरं गेली. इकडे बांध टिकला म्हणून.

मिसिसिपीच्या पुरावर १९२९ साली कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ ध्वनिमुद्रित केलं. गातो जो, मिनीची गिटार साथीला. १९७१च्या चौथ्या अल्बममध्ये लेड झेपेलिनने तेच गाणं घेतलं. एका जुन्या घराच्या जिन्याखाली जॉन बॉनमचे ड्रम मांडले आणि माइक वर टांगले. त्या ड्रममध्ये पाण्याचं वजन ऐकू येतं. रॉकमध्ये याहून भारदस्त ठोका आम्ही फार ऐकलेला नाही. तरी आमचं मत मूळ गाण्याच्या बाजूने पडतं. जोचा आवाज शांत आहे आणि मिनीची गिटार चपळ, जवळजवळ खेळकर. तिथे एक माणूस उद्या कुठे जायचं याचा हिशेब करतोय. झेपेलिनकडे प्रलय आहे, पण बोचकं बांधणारा माणूस त्यात बुडून गेलाय.

झेपेलिनने श्रेयनामावलीत आपल्या चौघांबरोबर मेम्फिस मिनीचं नाव घातलं. ज्याने गायलं त्या जोचं नाही. ‘होल लॉटा लव्ह’च्या वेळी, १९६९ला, विली डिक्सनचं नावच नव्हतं. तो १९८५ला कोर्टात गेला आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. कोर्टात जाता आलं, कारण कुठेतरी कागदावर, तबकडीवर नाव होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे परत येऊ.

मध्ये विजेबद्दल थोडं. मडी वॉटर्स १९४३ला मिसिसिपीतून शिकागोला गेला. तिथल्या क्लबांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. ब्लूजला वीज अशी लाभली. १९७२ला झेपेलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवून गेले. बेस्ट वीज घ्यायची टाटांकडून, म्हणजे त्या रात्रीच्या विजेत आपल्या मुळेचाही वाटा धरायला हरकत नाही. आणि वीज गावात आली तेव्हा? आधी इंजिनावरची, मग विजेवरची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीचं निमित्त संपलं. आम्ही गिरणीला दोष देत नाही. पहाटे उठून पायली-पायली दळणं हे कष्ट होते, दळणाऱ्या बायकांना गिरणी हवीच होती. जात्याच्या आठवणीने गळा दाटणारे बहुतेक पुरुष असतात, हे जाता जाता.

म्हणून साम्य इथे थांबतं. मॅमी स्मिथच्या १९२०च्या ‘क्रेझी ब्लूज’नंतर ब्लूज हा विकायचा माल झाला. त्यात फसवणूक झाली, पण समोर श्रोता होता. ओवीला श्रोता नव्हता. जातं होतं, फार तर समोर बसून खुंटा धरलेली जाऊ. पंकवाल्यांनी १९७६-७७ला मोठ्या आवेशाने सांगितलं की तीन कॉर्ड आले की कुणीही गावं, गाणारा आणि ऐकणारा वेगळे नाहीत. आम्हांला पंक आवडतं, पण तेही मंचावर चढूनच सांगावं लागलं. इथल्या बायकांनी हे न सांगता केलं होतं.

आता नावाचा मुद्दा. याच डोंगराळ भागात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बायकांबरोबर ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त जमल्या. बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. महत्त्वाचं हे, की ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. आणि आपले फ्यूजनवाले काय करतात? ओवी घेतात, खाली बेस गिटार घालतात आणि श्रेयात लिहितात ‘पारंपरिक’. म्हणजे झेपेलिनने जे जोला केलं, ते आपण सगळ्याच बायकांना करतो, आणि वर ‘आपला ब्लूज’ म्हणून कौतुकही करतो.

कुणी म्हणेल, ओवी तोंडोतोंडी आलेली, तिला कर्ती कुठली? बरोबर आहे. पण ब्लूजच्याही कितीतरी ओळी या गाण्यातून त्या गाण्यात वाहत आलेल्या आहेत, तरी तबकडीवर नाव छापलं गेलंच. नाव लावणं म्हणजे ‘हे हिनेच निर्माण केलं’ असं म्हणणं नव्हे. ‘हे असं हिने गायलं’ एवढंच ते म्हणतं. जुन्या ओळीत कुठे थांबायचं, कोणता शब्द बदलायचा, भावाचं नाव कुठे घालायचं, हे निर्णय त्या बाईचे असतात. निर्णय आला, की नाव येतं. ‘पारंपरिक’ हा शब्द नाव खरोखरच हरवलं असेल तिथे वापरावा. वहीत लिहिलेलं असताना नव्हे.

आता आधी १९२९चं मुद्रण लावू, मग १९७१चं, आणि त्यानंतर मुळशीतल्या ओव्या. ओव्यांच्या वेळी गाणारीचं नाव आणि गाव आधी वाचू. प्रश्न मग घेऊ.