नभोवाणीचे सुवर्णयुग : एका स्मरणाची चिकित्सा

मराठीतील आत्मपर गद्यात नभोवाणीचा उल्लेख आला की त्यामागोमाग एक ठरावीक कालविभागणी येते. पन्नास व साठची दशके हे सुवर्णयुग. आणीबाणीचा काळ हा अधःपात. आणि खाजगी एफ. एम. केंद्रांची अखंड बडबड सुरू झाली तो अंत. ही विभागणी इतकी सर्वमान्य झाली आहे की सामान्य श्रोत्यांचे लोकमत आणि अभ्यासकांचे मत यांत येथे फारसे अंतर उरलेले नाही. प्रस्तुत टिपणात तिच्याकडे इतिहास म्हणून न पाहता स्मरणरंजनाने घडविलेली एक संहिता म्हणून पाहावयाचे आहे.

सुवर्णयुगाचा पहिला पुरावा म्हणून ‘गीतरामायण’ पुढे केले जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आणि पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढील वर्षीच्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक नवे गीत, असा हा उपक्रम होता. परंतु ‘गीतरामायण’ आठवते म्हणजे नेमके काय आठवते? बहुतेकांच्या कानांत घुमतो तो फडके यांचा एकट्याचा स्वर. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक असे अनेक गायक होते आणि स्वर पात्रागणिक बदलत होता. त्या रचनेची जात नभोनाट्याला जवळची होती. एकस्वरी ‘गीतरामायण’ ही नंतरच्या मंचीय कार्यक्रमांची व ध्वनिमुद्रिकांची निर्मिती होय. नभोवाणीची म्हणून जी आठवण सांगितली जाते, तिचा बराचसा भाग अशा रीतीने दुसऱ्याच माध्यमाने पुरविलेला असतो. प्रक्षेपण हवेत विरते. त्यातले जे मुद्रिकेवर किंवा पुस्तकात उतरले, तेवढ्यावरून आपण एका युगाची प्रतवारी लावतो.

हेच युग बा. वि. केसकरांचेही आहे. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते त्यांच्याकडे होते, आणि त्यांनी चित्रपटसंगीतावर ‘बंदी’ घातली असे सरसकट सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. या गीतांचा वाटा आकसला, निवेदनातून चित्रपटाचे नाव वगळण्याचे ठरले, तेव्हा निर्मात्यांनी प्रक्षेपणाचे हक्कच काढून घेतले. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आणि १९५७ च्या ऑक्टोबरात शासनाला ‘विविध भारती’ काढावी लागली. आता गंमत अशी, की आठवणींच्या लेखनात ‘गीतरामायण’ आणि ‘गीतमाला’ शेजारी शेजारी, एकाच सोनेरी प्रकाशात बसविलेली असतात. वस्तुतः दुसरीची लोकप्रियता हा पहिलीच्या यजमानसंस्थेचा पराभव होता. तसेच, ज्या अभिरुचीधोरणाला आपण हेकट म्हणतो त्याच धोरणाने सुगम संगीताला आश्रय दिला होता. ज्यांना केसकर नकोत आणि ‘गीतरामायण’ हवे, त्यांनी ही गाठ सोडवून दाखविली पाहिजे. (त्या सुवर्णयुगात आकाशवाणीवर संवादिनीलाही मज्जाव होता. १९४० मध्ये घातलेली ती बंदी सैल व्हायला सत्तरचे दशक उजाडले. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा पेटीवादक याच संस्थेच्या नोकरीत होता, हा योगायोग त्यांनाच शोभणारा.)

‘गीतरामायणा’ची अखेरची गीते प्रक्षेपित होत होती त्याच सुमारास, १९५६ च्या आरंभी, पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत मंडळे स्थापून आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावयाचा, लगेच त्यावर चर्चा करावयाची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पद्धतशीर पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत श्रोत्यांच्या माहितीत पडलेली भर मंडळे नसलेल्या गावांशी ताडून पाहिली गेली. श्रोत्यांचे मत शास्त्रीय रीतीने नोंदविले गेले ते अशा ठिकाणी. आणि नेमकी हीच घटना आपल्या स्मरणरंजनात जवळजवळ कोठेही येत नाही. तिची मुद्रिका निघाली नाही, आणि तिचे श्रोते आठवणी लिहिणाऱ्या वर्गातले नव्हते. संच महाग, त्याला वार्षिक परवाना लागे. शेजाऱ्याच्या खिडकीखाली जमलेल्या घोळक्याचे जे हृद्य चित्र आपण वाचतो ते बहुधा खिडकीच्या आतल्या बाजूने रंगविलेले असते. बाहेर उभे राहून ऐकणाऱ्याला तो काळ कसा वाटला, हे त्या लेखनात शोधून सापडत नाही.

निकृष्ट कालखंडांची रचनाही याच पद्धतीची आहे. आणीबाणीतील बातमीपत्रांविषयी दुमत संभवत नाही. किशोरकुमार यांची गाणी १९७६ मध्ये आकाशवाणीवरून हटविण्यात आली, हेही नोंदलेले आहे. परंतु सत्तरच्या दशकातील ‘विविध भारती’च्या रात्रींविषयी हळवे होऊन लिहिणारे लेखक त्याच वर्षांत, त्याच संचासमोर बसलेले होते. एकाच वर्षाचा निषेध बातम्यांच्या खात्यात आणि गौरव गाण्यांच्या खात्यात जमा होतो, आणि दोन्ही खात्यांचा मेळ घालण्याची निकड कोणाला भासत नाही.

एफ. एम. विषयीच्या तक्रारीत तर कारणाचाच विसर पडतो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला, आणि पुढे खाजगी केंद्रांना परवाने मिळाले. मात्र स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना मिळाली नाही, आकाशवाणीची बातमीपत्रे पुनःप्रक्षेपित करण्यापुरतीच नंतर सवलत दिली गेली. पालिकेवर, पाण्यावर, निवडणुकीवर स्वतंत्रपणे बोलण्याची वाट अशी बंद असताना निवेदक प्रेमभंगावर आणि राशिभविष्यावर बोलत राहिला, तर त्यात अभिरुचीच्या ऱ्हासाचा भाग किती आणि परवान्याच्या अटीचा किती?