अतिवेगवान गाडी आणि आपले प्रवासलेखन

खडेबाजारातील आपल्या मंडळाच्या बैठकींत गेली कित्येक वर्षे प्रवासलेख वाचले जातात. पूर्वी ते काशी-रामेश्वराचे असत, क्वचित चारधामचे. आणि लेखकाने हिमालय पाहिला असला की श्रोत्यांत त्याचा मान वाढे. आता टोकिओ, शांघाय, फ्रँकफर्ट ही नावे येतात. कारण उघड आहे. ज्या घरांतील मुले पूर्वी पुण्या-मुंबईस जाऊन स्थिरावत, त्यांचीच पुढची पिढी समुद्रापलीकडे गेली. आईवडील दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामाला जातात, परत आल्यावर कुंद्याचा डबा फोडावा तशा उत्साहाने लेख लिहितात, आणि त्या लेखांत एक प्रकरण हमखास असते. ते म्हणजे तेथील अतिवेगवान गाडीतून केलेला प्रवास.

या प्रकरणाविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस होते. कोणाही सभासदाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण सर्व लेख एकमेकांसारखे आहेत. फलाटावर गाडी सेकंदाच्या हिशेबाने येते. रांग मोडत नाही. डबा आरशासारखा स्वच्छ असतो. गाडी सुटते, पेल्यातील पाणी हलत नाही. मग वेगाचा आकडा येतो, त्यापुढे उद्गारचिन्ह येते, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘आपल्याकडे हे कधी होणार?’ हा प्रश्न. वाचून संपले की त्या लेखातील माणूस कोण होता, कोणाबरोबर बसला होता, कशासाठी निघाला होता, यांतले काहीच हाती लागत नाही. गाडीच्या माहितीपत्रकातून जे कळले असते तेवढेच कळते.

यावर आपल्या बैठकीत एक खुलासा नेहमी दिला जातो. तो असा की, दोष लेखकाचा नसून वेगाचा आहे. प्रवासवर्णन हे मुळात सावकाश प्रवासाचे अपत्य, वेग वाढला की वर्णनाला जागाच उरत नाही. हा खुलासा वरवर पाहता बळकट आहे. वरसईच्या गोडसे भटजींनी १८५७च्या धामधुमीत उत्तरेचा प्रवास केला तो मुख्यतः पायी. तो हकिगत-ग्रंथ ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्यात मुक्काम आहेत, वाटमारी आहे, झाशीचा वेढा आहे, आणि शेवटी आईवडिलांसाठी वाहून आणलेली गंगेची कावड आहे. काकासाहेब कालेलकर स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासह हिमालय चालले. ‘हिमालयातील प्रवास’ हे पुस्तक प्रथम गुजरातीत झाले असले तरी त्याची चाल मराठी माणसाची आहे. आणि आपल्या घरांतील कथा तरी काय सांगतात? पूर्वज घाट चढून बैलगाडीने इकडे आले, अमुक ठिकाणी बैल बसला, तमुक ठिकाणी नदीला उतार मिळेना म्हणून दोन दिवस खोळंबा झाला, तेथेच एका घरी पुढे सोयरीक जुळली. चार पिढ्यांनंतरही मुक्कामांची नावे लोक न चुकता सांगतात. गाडी थांबली म्हणून कथा झाली.

याचा सर्वांत लख्ख पुरावा म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’. पु.लं.नी आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केले, म्हणून त्यांच्यावर बेळगावकरांचा हक्क थोडा अधिकच. तो बजावून आम्ही म्हणतो की ‘म्हैस’ ही मराठीतील प्रवासाची सर्वोत्तम कथा आहे, आणि तीत प्रवास जवळजवळ होतच नाही. कोकणच्या रस्त्यावर एस.टी.खाली म्हैस येते, गाडी अडकते, आणि म्हणूनच मधु मलुष्टे, झंप्या दामले, सुबक ठेंगणी ही मंडळी आपल्याला भेटतात. गाडी वेळेवर मुंबईस पोहोचली असती तर ती सारी आपापल्या आसनांवर अनोळखी राहिली असती. जपानच्या नव्या लोहमार्गावर एकही फाटक नाही, मार्ग बहुतांशी उंचावरून वा बोगद्यातून जातो. तेथे म्हैस येणे शक्य नाही. सबब ‘म्हैस’ लिहिली जाणेही शक्य नाही. (आपल्याकडे ती सोय अद्याप शाबूत आहे. ३० सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू झाली आणि ६ ऑक्टोबरला अहमदाबादनजीक म्हशींच्या कळपाला धडकून तिच्या नाकाचा पत्रा उखडला. त्यावर कोणी कथा लिहिल्याचे मात्र आमच्या वाचनात नाही.)

तरीही हा खुलासा आम्हांस पुरेसा वाटत नाही. तो का, हे सांगण्यासाठी थोडे जपानकडे वळावे लागेल.

मराठी वाचकाच्या मनातले जपान घडवले ते ‘पूर्वरंग’ने. ते पुस्तक १९६३ चे. तोकाइदो मार्गावरील शिंकानसेन सुरू झाली १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकिओ ऑलिंपिकच्या आधी नऊ दिवस. म्हणजे आपल्या भाषेतील जपानचे सर्वांत लाडके पुस्तक बुलेट ट्रेनच्या आधीचे आहे. त्यानंतर गेलेल्या प्रत्येकाला ‘पूर्वरंग’मध्ये नसलेली एक वस्तू पाहावयास मिळाली, आणि तिच्याविषयी कसे लिहावे याचा धडा पु.लं.नी घालून दिलेला नव्हता. आमच्या मते येथेच घोटाळा झाला. बाकी जपानविषयी लिहिताना आपले लेखक पु.लं.च्या नजरेने माणसे पाहतात. गाडीत पाऊल ठेवताच मात्र ती नजर खिशात जाते आणि तिच्या जागी मोजपट्टी येते.

मोजपट्टीबद्दल तक्रार नाही. ती नीट लावली तर तीतूनही माणसे दिसतात. जपानचे जुने रूळ १०६७ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजहून जेमतेम चार बोटे अधिक. त्या अरुंद रुळांवर टोकिओ-ओसाका प्रवासाला उत्तमातील उत्तम गाडीने साडेसहा तास लागत. जपान्यांनी ते रूळ रुंद केले नाहीत. शेजारी १४३५ मिलिमीटरचा संपूर्ण नवा मार्ग बांधला, आणि जुना जुन्या कामासाठी ठेवला. ‘शिंकानसेन’ या शब्दाचा अर्थच ‘नवी मुख्य वाट’ असा आहे, त्यात वेगाचा उल्लेखही नाही. ताशी २१० किलोमीटर वेगाने पहिल्या वर्षी चार तासांत आणि पुढल्या वर्षी तीन तास दहा मिनिटांत ओसाका आले.

आता ही माहिती बेळगावच्या वाचकासमोर ठेवून पाहा. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास रुंद झाला आणि आपला मार्ग मीटरगेजच राहिला. पुढची सुमारे दोन दशके, १९९०च्या दशकात इकडचे रूळ बदलेपर्यंत, बेळगावहून पुण्याला जायचे म्हणजे मिरजेला गाडी बदलायची. वळकटी, फिरकीचा तांब्या, हमालाशी घासाघीस, जागा धरण्यासाठी पुढे पळणारा थोरला मुलगा, आणि ‘पोरं मोजा’ म्हणून फलाटावरून ओरडणारी आई. रुळांच्या रुंदीतील त्या सहाशे-सातशे मिलिमीटरच्या फरकाने एका पिढीचे आयुष्य कसे आखले, हे आपणांइतके कोणास ठाऊक असणार? निपाणीकरांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना रेल्वेच नाही, त्यांचा प्रवास एस.टी.च्या थांब्यावर सुरू होतो. अशा माणसाने जपानी फलाटावर उभे राहून ‘आपल्याकडे कधी?’ एवढेच विचारावे? त्याला तर विचारता आले असते की, ज्यांनी गाडी बदलण्याचा फलाटच काढून टाकला, त्यांच्या घरांतून त्याबरोबर काय गेले आणि काय आले.

तुलनेचा तो प्रश्न आम्ही अगदी निरर्थक मानत नाही. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली आणि त्याचे काम चालू आहे. आपल्या बेळगावहून बेंगळूरला १० ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत धावते, ती सुमारे साडेआठ तास घेते. ती अतिवेगवान नव्हे, पण तिच्या उद्घाटनाचे वर्णन करणारे लेखही त्याच साच्यात निघाले. साचा गाडीच्या वेगावर अवलंबून नाही, याचे हे एक प्रमाण.

जे आमच्या लेखकांना दिसत नाही ते त्या डब्यात असते. टोकिओ स्थानकात गाडी जेमतेम बारा मिनिटे थांबते आणि त्यांतील सातांत सफाई कामगार सबंध गाडी झाडतात. यांत कित्येक प्रौढ स्त्रिया. आसने उलट दिशेला फिरवली जातात, जेणेकरून प्रवाशाचे तोंड नेहमी पुढे राहावे. तिकीट तपासनीस डब्यातून बाहेर पडताना प्रवाशांकडे वळून वाकतो. भाताचे डबे स्थानकागणिक वेगळे मिळतात, आणि एकटा प्रवासी तो डबा किती निगुतीने उघडतो व रिकामा झाल्यावर पुन्हा कसा बांधतो, हे पाहण्यासारखे असते. टोकिओहून निघाल्यावर पाऊण तासाने उजव्या खिडकीत फुजी दिसतो, ढग नसतील तर. दूरचा डोंगर ताशी २८५ किलोमीटरलाही स्थिर उभा राहतो. जवळचे कुंपण तेवढे वाहून जाते. १९६४ पासून आजवर गाडी घसरून वा टक्कर होऊन तेथे एकही प्रवासी दगावलेला नाही. तरीही त्या सुरक्षिततेतील शांतता पहिल्यांदा बसणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला थोडी भीतिदायक वाटते, आणि तसे कोणी लिहीत नाही.

शहराचा रहिवासी आणि शहराचा पाहुणा यांतील फरकही येथे ध्यानात घ्यावा. मीना प्रभू (१९३९–२०२५) यांनी ‘माझं लंडन’ लिहिले ते त्या शहरात संसार करून. त्या शीर्षकातील ‘माझं’ हा शब्द त्यांनी वर्षे घालवून मिळवला होता. आपले सभासद जातात ते तीन महिन्यांचे पाहुणे म्हणून. त्यांचे शहर नसते, मुलाचे असते. हे जर लेखात आले, तर तो लेख कोणाही प्रभूंच्या वा देशपांड्यांच्या लेखासारखा होणार नाही, त्याचा स्वतःचा होईल.

आता दुसऱ्यांचे दोष पुरे. या साच्यातील एक लेख आमचाही आहे. २०१८ साली आम्ही उभयता शांघायला मुलीकडे गेलो होतो, आणि परतल्यावर तेथील चुंबकीय गाडीवर लिहिलेला लेख बैठकीत वाचला, टाळ्याही झाल्या. पुदोंग विमानतळ ते लोंगयांग रोड हे तीस किलोमीटर, बेळगाव-खानापूरहून थोडे जास्त अंतर, ती गाडी सात-आठ मिनिटांत तोडते. तिला चाके टेकत नाहीत. डब्यात दारावर वेगाचा फलक असतो. त्या काळी त्यावर ताशी ४३१ हा आकडा उमटे आणि जेमतेम मिनिटभर टिके. २०२१ पासून ती ३०० वरच चालवतात. आकडा चढू लागला की डब्यातील पाहुणे उठून फलकाची छायाचित्रे घेतात आणि खिडकीकडे कोणी पाहत नाही. समोरून दुसरी गाडी जाते तेव्हा थाडकन एक धक्का बसतो. काय गेले ते समजण्याआधी ती गेलेली असते.

हा लेख आम्ही प्रस्तुत टिपणासाठी पुन्हा काढून वाचला. त्यात ४३१ हा आकडा सहा वेळा आला आहे. मुलीचा उल्लेख एकदाच आहे: ‘तिकिटे मुलीने काढली.’

वस्तुतः त्या आठ मिनिटांत तिने आम्हांस एक गोष्ट सांगितली होती. आम्ही खिडकीपाशी, ती मध्ये, पलीकडे तिची आई. गाडी वळणावर कलली, शेजारच्या महामार्गावरच्या मोटारी मागे सरकत असल्यासारख्या दिसू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, “अप्पा, मी इथला करार आणखी तीन वर्षांनी वाढवून घेतलाय. तुम्हांला फोनवर सांगायचं नव्हतं.” आम्ही ‘बरं’ म्हणालो. तेवढ्यात फलकावर ४३१ आले, आणि आम्ही उठून छायाचित्र घेतले. तिची आई मात्र जागची हलली नाही. पुढे लोंगयांग रोडला उतरून भुयारी गाडी धरायची होती. मुलगी पुढे होऊन तेथील रखवालदाराशी चिनीत बोलली, आणि आम्ही दोघे पिशव्या घेऊन तिच्या मागे उभे राहिलो. मिरजेच्या फलाटावर ती आमच्या मागे उभी राही, तशी.

म्हणून वेगावर ठपका ठेवणे आम्हांस पटत नाही. आठ मिनिटे पुरेशी होती. पायी जाणाऱ्या गोडसे भटजीला जे महिनोन्महिने मिळाले ते आम्हांस तेवढ्यात मिळाले होते. आम्ही फलक पाहत होतो.

ते छायाचित्र अजून आहे. आकडा स्पष्ट आला आहे, आणि खालच्या कोपऱ्यात मुलीचा कोपर व तिच्या आईचा हात दिसतो. आपल्या मंडळाच्या प्रवासलेखांचा संग्रह काढण्याचे घाटत असून संपादकांनी त्यासाठी तो लेख पुन्हा मागितला आहे. आम्ही तो अद्याप दिलेला नाही.