डिशमधली साखर, रक्तातली साखर

मधुमेहात रक्तवाहिन्यांचं अस्तर कसं बिघडतं, यावर पीएचडी करायचा विचार असेल, तर मायकेल ब्राउनली यांचा 2005 साली 'डायबेटिस' या नियतकालिकात आलेला बँटिंग व्याख्यानाचा लेख तुमच्यासमोर येणारच. जरूर वाचा. पण पाठ करू नका, त्याच्याशी थोडं भांडा. कसं, ते सांगते.

आधी त्याचं बळ. बाहेर साखर वाढली की बहुतेक पेशी ती आत घेणं आवरतात. अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियल पेशींना ते नीट जमत नाही. ब्राउनली म्हणतात, मग मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड जास्त तयार होतं, डीएनएला इजा होते, ती दुरुस्त करायला जागं झालेलं पार्प हे एन्झाइम जीएपीडीएचला रोखतं आणि ग्लुकोज फोडण्याचा मुख्य रस्ता तुंबतो. वडखळला हायवे तुंबला की गाड्या कशा गावातल्या आडवाटा धरतात, तसंच. अडकलेली रसायनं चार आडवाटांना लागतात: पॉलिऑल, एजीई, प्रोटीन कायनेज सी आणि हेक्झोसमीन. सुट्या वाटणाऱ्या चार गोष्टींना एकच मूळ दाखवणं, ही या लेखाची खरी कमाई.

आता भांडण.

पहिला मुद्दा आकड्याचा. या सिद्धान्तामागे 2000 सालचा 'नेचर'मधला प्रयोग आहे. पेशी होत्या गाईच्या महाधमनीतल्या आणि ग्लुकोज 5 ऐवजी 30 मिलीमोल. 18 ने गुणा: 90 विरुद्ध 540. अलिबागच्या एखाद्या लॅबमध्ये 540 चा रिपोर्ट निघाला, तर लॅबवाला थेट डॉक्टरांना फोन लावेल. आपल्याकडचा नेहमीचा पेशंट वेगळा असतो: सकाळी 130, भात-आमटीनंतर 240, संध्याकाळी पुन्हा 150. डिशमध्ये मात्र साखर एकाच पातळीवर. हा चढउतार गौण नाही. 2001 मध्ये नाळेतल्या पेशींवर झालेल्या प्रयोगात रोज आलटूनपालटून 5 आणि 20 मिलीमोल दिल्यावर सतत 20 पेक्षा जास्त पेशी मेल्या.

असा कुठलाही पेपर वाचताना मॅनिटॉलचा कंट्रोल आहे का, तेही बघा. नसेल, तर परिणाम ग्लुकोजचा की नुसत्या दाट झालेल्या द्रावणाचा, हे कळायला मार्ग नाही.

दुसरा मुद्दा औषधाचा. मूळ सुपरऑक्साइडच असेल, तर अँटिऑक्सिडंटने फरक पडायला हवा. 2000 च्या होप चाचणीत 9,500 हून अधिक लोक होते, त्यांतले बरेच मधुमेही. रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व साधारण साडेचार वर्षं दिलं, तरी हृदयविकार कमी झाला नाही. ब्राउनलींचं उत्तर असं: साधं अँटिऑक्सिडंट एकास एक खर्ची पडतं, सुपरऑक्साइड तर सतत बनतच राहतं. तर्क पटतो. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, आणि कॅप्सूलवर महिन्याचे पैसे घालणाऱ्या माणसाला हा फरक महागात पडतो.

तिसरा मुद्दा आपल्या शरीराचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. म्हणजे आपल्या पेशंटच्या अस्तराला साखरेबरोबर चरबीही झेलावी लागते.

म्हणून साखर निर्दोष ठरत नाही. 1993 च्या डीसीसीटी चाचणीत टाइप 1 मध्ये साखर आवरल्यावर डोळ्यांचं नुकसान स्पष्ट घटलं. पण 2008 च्या अकॉर्ड चाचणीत टाइप 2 मध्ये साखर फार कडकपणे उतरवल्यावर मृत्यू वाढले आणि तो गट थांबवावा लागला. बारीक आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना एकच स्पष्टीकरण पुरत नाही, असं मला यातून दिसतं.

तेव्हा प्रपोजल लिहिताना प्रत्येक मिलीमोलशेजारी मिलिग्रॅमचा आकडा लिहा. 10 आणि 15 मिलीमोलचे गट ठेवा, एक चढउताराचा ठेवा. गाइड विचारतील, 'परिणाम दिसला नाही तर?' सांगा, मग तेच छापू.