घराच्या भिंतीतला पिंपळ : तीन इराणी चित्रपटांविषयी

आंतरराष्ट्रीय महोत्सवांतून गाजलेले इराणी चित्रपट पाहिले, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांतले बरेचसे घराविषयीचे असतात. एक सदनिका, नवरा-बायको, एक-दोन मुली, कधी एखादा आजारी म्हातारा. एवढ्याच भांडवलावर ते उभे राहतात. तरीही कायदा, धर्मसत्ता, बेकारी आणि वर्गभेद हे सगळे उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात येऊन बसलेले दिसतात. असगर फरहादी यांचा २०११चा ‘अ सेपरेशन’ आणि मोहम्मद रसूलोफ यांचे ‘देअर इज नो ईव्हिल’ व ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ हे अनुक्रमे २०२० आणि २०२४चे चित्रपट एका ओळीत ठेवून पाहावेत, असे आम्हाला वाटते. पहिल्या दोघांना बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाले, तिसऱ्याला कान महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार. परंतु पुरस्कारांची मोजदाद हा आमचा विषय नाही. या घरांमध्ये ईमान कुणापाशी आहे आणि सत्ता कुणापाशी, हा आमचा प्रश्न आहे.

‘अ सेपरेशन’ची सुरुवात कौटुंबिक न्यायालयात होते. नादिर आणि सिमीन कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. न्यायाधीश दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. न्यायासनावर आपणच बसलो आहोत, हे प्रेक्षकाला उशिरा उमगते. सिमीनला मुलीला घेऊन देश सोडायचा आहे. नादिर स्मृतिभ्रंश झालेल्या बापाला टाकून यायला तयार नाही. अशा परिस्थितीत मुलीने वाढू नये, असे सिमीन म्हणते. कसली परिस्थिती, असे न्यायाधीश विचारतो. आणि ती गप्प बसते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या गप्प बसण्याचे स्पष्टीकरण आहे.

सिमीन माहेरी निघून गेल्यावर म्हाताऱ्याची देखभाल करायला रझिया येते. ती गरीब आहे, गर्भवती आहे, सोबत लहान मुलगी आहे. नवरा हुज्जत बेकार, कर्जात बुडालेला. म्हाताऱ्याने कपडे खराब केले तेव्हा परपुरुषाला स्वच्छ करणे पाप ठरेल काय, हे ती फोन करून विचारते. हा प्रसंग पाहताना शहरी प्रेक्षागृहात हसू फुटते. पण फरहादी तिला हास्यास्पद करीत नाहीत. तिच्या मुलीच्या तोंडी एकच वाक्य आहे: मी बाबांना सांगणार नाही. गरिबी, धर्मभीती आणि नवऱ्याचा धाक या तिन्ही गोष्टी त्या एवढ्याशा पोरीला ठाऊक आहेत.

पुढे दारातल्या झटापटीत नादिर रझियाला बाहेर ढकलतो. तिचा गर्भ जातो, आणि नादिरवर हत्येचा आरोप येतो. प्रकरण दियतीच्या रकमेवर मिटण्याच्या बेतात असते. घेणेकरी दिवाणखान्यात येऊन बसलेले असतात. अशा वेळी नादिर रझियाला कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगतो, आणि ती घेऊ शकत नाही. कारण आदल्या दिवशी म्हाताऱ्याला रस्त्यावर शोधताना तिला मोटारीचा धक्का बसला होता. गर्भ नेमका कशाने गेला याची तिला खात्री नाही. खोट्या शपथेचा पैसा हराम, आणि त्याचे अरिष्ट मुलीवर येईल, या भयाने ती हाती आलेली सुटका सोडून देते. नवऱ्याचा संताप ओढवून घेते.

या एका प्रसंगासाठी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावा. सुशिक्षित नादिर कायद्याच्या भाषेत खोटे बोलतो. त्याला वाचवण्यासाठी अकरा वर्षांची तर्मेह न्यायाधीशासमोर खोटे बोलते. सुशिक्षित घराला खोटे परवडते. परवडत नसतानाही खरे सांगते ती बुरख्यातली मोलकरीण. तिचा धर्म तिला दाबून ठेवतो आणि तिला ताठही उभे करतो. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दिग्दर्शकाने त्यांतली एकही पुसलेली नाही.

येथे एका तांत्रिक बाबीकडे लक्ष वेधले पाहिजे. १९७९च्या क्रांतीनंतर इराणी पडद्यावर स्त्रीचे केस झाकलेले असणे सक्तीचे झाले. सिमीन आणि तर्मेह आपल्या घरातही ओढणी काढत नाहीत. खऱ्या घरात कोणती मुलगी बापासमोर डोके झाकून अभ्यास करते? पण पडद्यावर कॅमेरा हा कायमचा गैरमहरम. परवानगीने काढलेल्या इराणी चित्रपटात घर हे कधी पुरते घर होऊच शकत नाही. परका पुरुष सतत खोलीत उभा आहे असे गृहीत धरून बाईने वावरायचे. फरहादींनी ही अडचण दारे, काचा, जिने यांच्या भाषेत मुरवून टाकली. शेवटी तर्मेहला आई हवी की बाप, असे न्यायाधीश विचारतो. तिचे उत्तर आपल्याला ऐकवले जात नाही. आई आणि बाप बाहेर, मध्ये काच. संयमाचे हे शिखर आहे. तथापि संयम आणि न बोलता येणे यांतली सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न रसूलोफ यांनी अंगावर घेतला. ‘देअर इज नो ईव्हिल’मध्ये फाशीच्या शिक्षेभोवती गुंफलेल्या चार कथा आहेत. त्यांतली पहिली सर्वांत छोट्या अवकाशात सर्वांत मोठे काम करते. हशमत नावाचा गृहस्थ बायकोला कामावरून घेतो, मुलीला शाळेतून आणतो, बाजारहाट करतो, म्हाताऱ्या आईची विचारपूस करतो, रात्री बायकोचे केस रंगवून देतो. असा नवरा कुणालाही हवासा वाटावा. पहाटेच्या अंधारात तो कामावर जातो, चहा ठेवतो, एक बटण दाबतो. आणि खाली माणसे लटकतात. कथा तेथेच संपते. आदल्या दिवसाचा सगळा जिव्हाळा खरा होता, हीच त्यातली भीती आहे. तिसऱ्या कथेतला शिपाई फाशीच्या कामाच्या बदल्यात मिळालेली रजा घेऊन वाग्दत्त वधूच्या घरी येतो, आणि ज्याला आपण फाशी दिली तो या घराचा किती जिवलग होता, हे त्याला तेथे कळते. सत्तेचे काम करून हात धुता येतात, पण ते हात घेऊन घरीच यावे लागते.

‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’मध्ये हेच सूत्र पूर्ण लांबीचे झाले आहे. नावातले झाड आपल्या परिचयाचे आहे. तो आपला पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडावर पडते, मुळे खाली उतरतात आणि आधार दिलेल्या झाडालाच आवळतात. जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ ज्याने पाहिला आहे, त्याला हे रूपक समजावून सांगण्याची गरज नाही. भिंत पिंपळाने फुटली की पिंपळानेच धरून ठेवली, हे काही वर्षांनी सांगता येत नाही.

कुटुंबप्रमुखाचे नाव इमान. तेहरानच्या क्रांती न्यायालयात त्याला तपास-न्यायाधीशाची बढती मिळते. सोबत मोठ्या घराची आशा आणि एक पिस्तूल. पहिल्याच दिवसांत त्याच्यापुढे मृत्युदंडाची फाईल न वाचता सही करण्यासाठी येते. तो कचरतो, मग सह्या करू लागतो. काळ २०२२च्या शरद ऋतूचा आहे. महसा जीना अमिनी ही बावीस वर्षांची कुर्द तरुणी हिजाबच्या कारणावरून पोलिसांच्या ताब्यात असताना १६ सप्टेंबर २०२२ रोजी मरण पावली, आणि ‘जन, जिंदगी, आझादी’ची घोषणा रस्त्यारस्त्यांवर उठली. आंदोलकांनी मोबाईलवर टिपलेली खरी दृश्ये रसूलोफ कथेत मिसळतात. चित्रण गुप्तपणे झाल्यामुळे येथे परवानगीचा प्रश्नच नव्हता. म्हणून रिजवान आणि सना या मुली आणि त्यांची आई नजमे घरात उघड्या केसांनी वावरतात. गैरमहरम कॅमेरा खोलीबाहेर गेला, आणि इराणी घर पडद्यावर घरासारखे दिसले.

चित्रपटाचे मर्म नजमेपाशी आहे. तिला मुलींसाठी स्वतंत्र खोली हवी आहे, भांडी धुण्याचे यंत्र हवे आहे. नवऱ्याची बाजू घेणारी, मुलींना दटावणारी ही बाई आपल्या चांगल्या ओळखीची आहे. रिजवानची मैत्रीण छर्रे लागून घरी आणली जाते तेव्हा नजमे चिमट्याने तिच्या चेहऱ्यातला एकेक छर्रा काढते. हात हळुवार, चेहरा घाबरलेला. आणि मग त्याच मुलीला ती लवकरात लवकर घराबाहेर काढते. माया आणि भय एकाच बोटांत. रसूलोफ यांनी याहून चांगले दृश्य काढलेले आम्हाला आठवत नाही.

पिस्तूल हरवते आणि बाप घराचेच न्यायालय करतो. बायको-मुलींची चौकशी आपल्या सहकाऱ्याकडून करवतो. येथवर चित्रपट घट्ट आहे. त्यानंतर मात्र कुटुंब गावाकडच्या घरी जाते, कोंडून ठेवणे, पाठलाग, पडक्या मातीच्या घरांतली धावपळ सुरू होते, आणि इमान हा माणूस न राहता व्यवस्थेचे बुजगावणे होतो. सुमारे पावणेतीन तासांच्या या चित्रपटाचा शेवटचा भाग अर्थाला नव्हे, थराराला शरण गेला आहे. हशमतच्या कथेत जे मौनाने साधले, ते येथे आरडाओरड्याने साधत नाही. दिग्दर्शकाला मे २०२४मध्ये आठ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली आणि डोंगर पायी ओलांडून तो देशाबाहेर पडला, हे ठाऊक असूनही ही उणीव सांगितली पाहिजे. धैर्याला सलाम करावा. समीक्षा मात्र कलाकृतीचीच करावी.

आता आमच्या वाचकांच्या मनातला प्रश्न. हे चित्रपट दोन प्रकारे चुकीचे पाहिले जातात. एक प्रेक्षक बाहेर पडताना म्हणतो, बघा, मुसलमानांच्या घरात हे असेच चालते. दुसरा, आपल्यातलाच, म्हणतो, पश्चिमेच्या टाळ्यांसाठी आपली अब्रू वेशीवर टांगली. दोघांनीही चित्रपट पाहिलेला नसतो. दोघांनीही फक्त धर्माचे नाव वाचलेले असते. पहिल्याला रझिया दिसली नाही. दुसऱ्याला हे ठाऊक नाही, की ऑस्करचे निमंत्रण असलेले फरहादी २०१७मध्ये अमेरिकेने सात मुस्लिमबहुल देशांतील नागरिकांना बंदी केल्याच्या निषेधार्थ सोहळ्याला गेले नाहीत. घरातल्या जुलमाविरुद्ध बोलणारा कलावंत बाहेरच्या अपमानापुढे मान तुकवतोच असे नाही.

हा पेच मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला परका नाही. आपल्या घरातली भेग लिहावी, तर ती उद्या कुणीतरी आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरील; न लिहावी, तर भेग रुंदावत जाईल. या भीतीने किती कथा वहीतच राहिल्या असतील. या चित्रपटांनी दिलेले उत्तर आम्हाला मोलाचे वाटते. भेग नुसती दाखवून ते थांबत नाहीत; त्या घरातल्या माणसाला पूर्ण उंचीने उभे करतात. रझियाची शपथ न घेणारी जीभ आणि नजमेची थरथरती बोटे ज्याने पाहिली, त्याला त्या घराविरुद्ध साक्ष देणे सोपे राहत नाही. इमान नाव धारण करणारा न वाचता सही करतो, आणि हाताशी आलेला पैसा ईमानासाठी सोडते ती रझिया. धर्म कोठे आहे आणि धर्माच्या नावाची सत्ता कोठे, याचा फरक शिकायला एवढे पुरेसे आहे.