वाचकाचा पूर्वग्रह

कादंबरी वाचून संपल्यावर तिच्याविषयी बनणारे मत आणि ती वाचीत असता मनात उमटत जाणाऱ्या प्रतिक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी होत. समीक्षा बहुधा पहिल्या गोष्टीचाच विचार करते. दुसरीची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि शेवटचे पान उलटताच वाचक स्वतःही ती विसरून जातो. म्हणूनच जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) प्रथमच वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीची प्रकरणागणिक लिहिलेली टिपणे माझ्या पाहण्यात आली, तेव्हा ती मला एखाद्या प्रबंधाहून अधिक उद्बोधक वाटली. या प्रेमकथेचा शेवट तिला ठाऊक नव्हता. १९९५ ची दूरचित्रवाणी मालिका आणि २००५ चा चित्रपट यांनंतर असा वाचक विरळाच.

तिसऱ्या प्रकरणातील नृत्यसमारंभात डार्सी नायिकेच्या, म्हणजे एलिझाबेथ बेनेटच्या, रूपाविषयी तुच्छतेने बोलतो आणि ते तिच्या कानी पडते. विद्यार्थिनीने तेथेच त्याला ‘गर्विष्ठ’ ठरविले. सोळाव्या प्रकरणात विकम डार्सीने आपल्यावर केलेल्या अन्यायाची कहाणी सांगतो, तेथे ‘बिचारा!’ अशी नोंद आहे. चौतिसाव्यात एलिझाबेथ डार्सीची मागणी धुडकावते. तेथे नुसते ‘छान झाले’. पस्तिसाव्यात डार्सीचे पत्र येते आणि टिपणांचा ओघ थांबतो. त्यानंतरची नोंद पुन्हा सोळाव्या प्रकरणाची आहे, आणि तीत एकच वाक्य आहे : ‘हे सारे येथेच होते.’

ते खरोखरच तेथे आहे. ओळख होऊन जेमतेम एक दिवस लोटला असता विकम एका परक्या तरुणीपुढे आपले खासगी गाऱ्हाणे मांडतो. डार्सीच्या वडिलांच्या स्मृतीखातर आपण त्याची अपकीर्ती करणार नाही, असे म्हणता म्हणताच तो ती करीत असतो. आपण डार्सीला टाळणार नाही ही त्याची बढाईही, नेदरफील्डच्या नृत्याला न येऊन, लवकरच तो स्वतः खोटी पाडतो. ऑस्टिनने काहीही दडविलेले नाही. दिसत असलेले आपण पाहिले नाही, एवढेच.

न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’च्या कल्पनेनुसार वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी स्वतःचे भान सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयानंद निर्माण होतो. येथे मात्र त्या एकरूपतेचीच परीक्षा होते. छत्तिसाव्या प्रकरणात एलिझाबेथ ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते, विकमचा शब्दन् शब्द आठवून तपासते आणि स्वतःला दोषी ठरविते. तिच्याबरोबर जो वाचक चुकला असेल त्यालाच हे आत्मपरीक्षण भोवते. जो चुकलाच नाही त्याला ती कथानकाची एक कलाटणी वाटते.

भाषांतरकाराला हे विशेष जाणवते. ऑस्टिनच्या निवेदनात पुष्कळदा एलिझाबेथच्या मनातील मत निवेदकाच्याच सुरात उच्चारले जाते. ते कोणाचे, हे वाक्य सांगत नाही. मराठीत आणताना ‘असे तिला वाटले’ हे शब्द जोडण्याचा मोह होतो. वाक्य सुबोध होते खरे, पण त्या तीन शब्दांनी वाचक सावध होतो, आणि सावध वाचकाला एलिझाबेथची चूक स्वतःची म्हणून करता येत नाही. कादंबरी उघडण्यापूर्वीच डार्सी अंतर्यामी थोर व विकम लबाड असे सांगून टाकणारे अध्यापक आणि परीक्षोपयोगी मार्गदर्शिका वर्गात हेच करीत असतात. उत्तर अचूक येते. अनुभव मात्र हुकतो.

याचा अर्थ विद्यार्थ्याची प्रत्येक प्रतिक्रिया सारखीच मोलाची, असा नव्हे. काही प्रतिक्रिया कादंबरी स्वतःच खोडून काढते. काहींचा निकाल ती लावीतच नाही. सत्तावीस वर्षांची शार्लट ल्यूकस कॉलिन्ससारख्या मूर्ख माणसाशी लग्न ठरविते, तेव्हा एलिझाबेथप्रमाणेच आपल्या विद्यार्थिनीलाही तिचा तिटकारा आला. परंतु हे मत उलटविणारे पत्र कोठूनही येत नाही. पुढे दिसते ते एक नीटनेटके घर, आणि नवऱ्याला बागकामात गुंतवून ठेवणारी गृहिणी. पाच मुली असलेल्या बेनेटची वर्षाला दोन हजार पौंडांची जमीन, मुलगा नसल्याने, त्याच्यामागे याच कॉलिन्सकडे जायची, हेही आपण विसरू शकत नाही. विद्यार्थिनीची शार्लटविषयीची अखेरची नोंद आहे : ‘तिने दुसरे काय करायचे होते?’ तिटकाऱ्याच्या जागी आलेला हा प्रश्न तिला कोणी शिकविलेला नाही, आणि ऑस्टिननेही त्याचे उत्तर दिलेले नाही.

या कादंबरीच्या १७९६–९७ मधील पहिल्या खर्ड्याचे नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ असे होते. प्रथमदर्शनी ठसे हाच जिचा विषय, ती शिकविताना विद्यार्थ्याला ते उमटूच न देणे हा तिच्यावर अन्याय होय. निदान पस्तिसाव्या प्रकरणापर्यंत अध्यापकाने मौन पाळावे, विद्यार्थ्याने आपली मते लिहून ठेवावीत, आणि चर्चेला आरंभ त्या टिपणांपासून व्हावा. भूमिका-प्रस्तावना त्यानंतर खुशाल वाचाव्यात.